सासूबाई, चार फूट बाय सहा फूट

इंटरनेटवर टाकलेला फोटो चोरांपासून कसा वाचवायचा, हे आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या गटात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: "काकूंना विचारा!"

त्या काकू म्हणजे मी. गटात त्रेसष्ट माणसं आहेत. निम्म्यांच्या कॅमेऱ्यांना हातभर लांब भिंगं आहेत, उरलेल्यांना हातभर लांब जिभा. माझ्याकडे एक मोबाइल, त्याचीही काच कोपऱ्यात तडकलेली. पण मान मला! कारण फोटो काढायला सगळ्यांनाच येतात, राखायला फक्त मला येतात. आणि हे मला कुणी शिकवलेलं नाही बरं का! गॅसवर दूध ठेवायचं आणि ते वर येईपर्यंत मोबाइलची बटणं दाबून बघायची, एवढीच माझी शाळा. तीन वर्षांत मी पुष्कळ शिकले. दूध किती वेळा उतू गेलं, तो विषय वेगळा.

ही राखणदारी मला संतापातून सुचली. मी एकदा दोरीवर वाळणाऱ्या मोज्यांचा फोटो काढला होता. सात मोजे, सातही वेगवेगळे, एकाचीही जोडी नाही आणि मागे कलतं ऊन. गटावर टाकला, लोकांनी वा वा केली. पंधराव्या दिवशी सकाळी तोच फोटो माझ्याच मोबाइलवर परत आला! आमच्या ह्यांच्या मावसभावाकडून! वर गुलाबाची दोन फुलं चिकटवलेली आणि खाली लिहिलेलं: 'जोडीदार कसाही असो, ऊन एकच असतं. शुभ सकाळ!'

"अहो, हे माझे मोजे आहेत!" मी किंचाळले.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून फोटो पाहिला. "त्यातला तपकिरी माझा आहे," म्हणाले आणि डोकं पुन्हा आत घातलं.

मी तडक मावसभावाला फोन लावला. "भावोजी, हा फोटो तुम्हाला कुणी दिला?"

"आवडला ना वहिनी? थांबा, असे अजून आहेत माझ्याकडे!"

त्यानंतर महिनाभर मला रोज सकाळी एक सुविचार येत होता. चोराला जाब विचारावा, तर तो अशी परतफेड करतो!

मग मी पदर खोचला. फोटोवर आपोआप शिक्का मारणारं एक ॲप असतं. त्यात एकदाच वाक्य लिहून द्यायचं, अक्षरांचा आकार ठरवायचा, की आपण टाकू त्या प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला ते वाक्य आपसूक उमटतं. इतर लोक तिथे बारीक अक्षरांत आपलं नाव घालतात. मी म्हटलं, नाव वाचून चोर कशाला घाबरेल? माझ्या नावाला घरात कुणी घाबरत नाही! त्यापेक्षा सरळ दम भरावा. म्हणून मी जाडजूड अक्षरांत लिहिलं: 'हा फोटो परवानगीशिवाय वापरता येणार नाही'. मोज्यांच्या फोटोवर लावून पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत वाक्य असं फिट्ट बसलं, जणू काही मोज्यांभोवती तारेचं कुंपण!

गटात माझा जयजयकार झाला. पक्षीवाले काका म्हणून आमच्यात एक निवृत्त कारकून आहेत, ते कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. तेसुद्धा म्हणाले, "काकू, तुम्ही आम्हाला कुलूप दिलंत." त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांनी माझं वाक्य, माझी अक्षरं, माझा आकार जसाच्या तसा उचलला. हो, परवानगी मागून!

आता सासूबाईंकडे वळते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

सासूबाईंचं वय ब्याऐंशी. दात शून्य. कवळी आहे, कुठल्याशा शिबिरातून आणलेली. पण ती टोचते, म्हणून ती पेल्यातल्या पाण्यात राहते आणि सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत राहतात. दोघींची भेट फक्त पाहुणे आले की. स्वभावानं त्या मोजकं बोलणाऱ्या आणि त्याहून मोजकं हसणाऱ्या. सत्तावीस वर्षांत मी त्यांना खदखदून हसताना पाहिलं ते फार तर चार वेळा. त्यातल्या तीन वेळा मी पडले होते.

चौथी वेळ त्या रविवारची. आमच्या ह्यांनी पडद्याचा दांडा बसवायला घेतला. हे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे भिंत तीनदा मोजली, खिडकी दोनदा मोजली, मला एकदा बाजूला केलं आणि स्टुलावर चढले. दोन मिनिटांत दांडा, पडदा, खिळे आणि मूठभर भिंत असा सगळा ऐवज खाली आला. हे पडद्यात नखशिखान्त गुंडाळलेले! आणि आतून आवाज, "काही झालेलं नाही! कुणी घाबरू नका!"

सासूबाई हसल्या. काय हसल्या म्हणून सांगू! डोळे मिटले, मान मागे गेली, तोंड हे एवढं उघडलं. आत एक दात नाही, नुसतं हसूच हसू! मोबाइल माझ्या हातातच होता, उभा. तसाच वर केला आणि टिपलं. ह्यांना पडद्यातून नंतर सोडवलं.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता. पाचव्या मिनिटाला मी तो गटावर टाकला. संध्याकाळपर्यंत तो गटाबाहेर गेला, रात्री तर परक्या माणसांचे लाल बदाम त्यावर पडायला लागले. चारशे बारा! मी मोजले. सासूबाई शेजारच्याच खोलीत घोरत होत्या.

आठ दिवसांनी हे बाहेरून आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले.

"आई कुठं आहे?"

"आत. का हो?"

"नक्की आत आहे?"

"अहो, आत्ता चहा देऊन आले मी!"

"मग बसथांब्याच्या कोपऱ्यावर कोण आहे?"

"कोण आहे?"

"आई!" ह्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "चार फूट बाय सहा फूट!"

आम्ही धावत गेलो. बसथांब्यासमोर दातांच्या डॉक्टरचा नवा दवाखाना उघडला होता, खाली वह्या-पेनांचं दुकान, वर दवाखाना. आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीवर कोरा करकरीत बोर्ड. वर लिहिलेलं, 'आता बिनधास्त हसा!' डावीकडे आमच्या सासूबाई, तोंड उघडून. खाली शब्द: 'आधी'. उजवीकडे एक गोरीगोमटी, कुरळ्या केसांची बाई, तोंडात बत्तीस दात आणि एकेक दात आंघोळ घालून बसवल्यासारखा. खाली शब्द: 'नंतर'.

ह्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काय गं, दात बसवले की नाकही बदलतं?"

माझं ह्यांच्याकडे लक्षच नव्हतं. सासूबाईंच्या फोटोखाली माझी जाड अक्षरं दिसत होती! 'हा फोटो परवानगीशिवाय' एवढं वाचलं आणि माझं डोकं भणाणलं. पुढचं मी वाचलंच नाही. कशाला वाचायचं? लिहिणारी मीच! म्हणजे या माणसानं नुसतं शेत नाही चोरलं, कुंपणासकट चोरलं!

"आईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये," मी ह्यांना बजावलं.

"छे छे! कोण सांगतंय?"

कोण सांगणार? आमच्या शेजारच्या वहिनी! जिन्यातले सगळे त्यांना 'तार ऑफिस' म्हणतात. आम्ही घरी पोचतो तर त्या सासूबाईंचा हात हातात घेऊन बसलेल्या. "आजी, तुम्ही तर गावभर झळकलात! मी तर म्हटलं, तोंड ओळखीचं वाटतंय, आतलं सुद्धा!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चल," म्हणाल्या. "मला बघायचंय."

दाताच्या कण्या केल्या, पण ऐकेनात. हळूहळू, ह्यांचा हात धरून, बसथांब्यापर्यंत चालत आल्या आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या. एक बस गेली. दुसरी गेली. शेजारी एक चिमुरडी आईचं बोट धरून उभी होती. तिनं बोर्डाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, मग पुन्हा बोर्डाकडे.

"आई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "या आजी अजून 'आधी'च का आहेत?"

थांब्यावरची सगळी माणसं हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. सासूबाईंनी हात तोंडावर नेला.

तो हात मग खाली आलाच नाही. घरी येऊन त्यांनी पेल्यातली कवळी काढून तोंडात बसवली आणि सकाळपासून झोपेपर्यंत घालून ठेवायला लागल्या. हिरड्या सोलवटल्या, तरी काढेनात. बोलताना तोंडावर हात, चहा पिताना हात, खिडकीतून कुणी नमस्कार केला की हात. हसायचं तर नावच नाही. "हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात," एकदा पुटपुटल्या. "माझे तेवढेही दिसायचे नाहीत."

आमच्या ह्यांनी एका दुपारी आपणहून पडदा अंगाभोवती गुंडाळून घेतला आणि त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. साठी उलटलेला माणूस! "आई, मी अडकलो!" म्हणाले.

"पडदा धुतलेला आहे," सासूबाई हातामागून म्हणाल्या. "मळवू नकोस."

हे पडद्यासकट आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी कागदावर भांडणाचे मुद्दे लिहून काढले. एक, चोरी. दोन, अब्रू. तीन, नाक. ह्यांना घेऊन दवाखान्यावर चाल करून गेले. जिन्याच्या पायथ्याशी हे म्हणाले, "तू हो पुढे, मी सायकलकडे बघतो."

"आपण सायकल आणलेली नाही!"

"लोकांच्या आहेत ना."

मी एकटीच वर चढले. टेबलाशी एक मुलगी बसली होती. माझा चेहरा पाहून ती अर्धी उठली.

"काय त्रास होतोय?"

"फार त्रास होतोय!"

"किती दिवस झाले?"

"आठवडा! रोज वाढतोय!"

"ठणकतंय का?"

"आतल्या आत जळतंय नुसतं!"

"सहन होतंय?"

"आता अजिबात नाही!"

"मग तातडीचं आहे," म्हणाली आणि रांगेतल्या पाच जणांना डावलून तिनं मला आत सोडलं. मी मनात म्हटलं, बघा, न्यायाची बाजू असली की दारं आपोआप उघडतात!

आत तोंडावर पट्टी बांधलेला, निम्मा चेहरा झाकलेला डॉक्टर. "बसा," म्हणाला. मी बसले. बसले कसली, खुर्चीच मागे कलली! पाय वर, डोकं खाली, डोळ्यांवर दिवा. या अवस्थेत कुणी कधी भांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"आ करा."

"मी तुमच्याशी..."

"आ!"

आरसा तोंडात गेला. आता तुम्हीच सांगा, तोंडात आरसा असताना माणसानं काय बोलावं? तरी मी बोलले. "आ ओओ आआ आए!" म्हणजे, हा फोटो माझा आहे!

"हो हो, कळलं. मागून तिसरी."

"ओई एई आए!" म्हणजे, चोरी केली आहे!

"किडली आहेच. फार दिवस अंगावर काढलंत, काकू."

मी त्याचं मनगट धरलं आणि आरसा बाहेर ओढला. "मी दात दाखवायला आलेली नाही! भांडायला आले आहे!"

"बरं," डॉक्टर म्हणाला. "पण आधी चूळ भरा."

चूळ भरल्यावर भांडण निम्मं होतं, हे अनुभवानं सांगते. तरीही मी उठून बसले, हनुवटी पुसली आणि कागद उघडला. "एक! चोरी! तो खालचा फोटो माझा आहे आणि तुम्ही तो परवानगीशिवाय वापरलात!"

"वापरला," तो शांतपणे म्हणाला. "तसं लिहिलंच होतं ना त्याच्यावर!"

"काय लिहिलं होतं? वाचा! मोठ्यानं वाचा!"

त्यानं आपल्या मोबाइलवर फोटो उघडून माझ्यासमोर धरला आणि शाळेतल्या मुलासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, "हा, फोटो, परवानगीशिवाय, वापरता, येणार."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"पुढे 'नाही' आहे!"

"तेच म्हणतोय मी, पुढे नाही आहे."

"अहो, 'नाही' आहे!"

"काकू, आहे की नाही?"

मी मोबाइल हिसकावला. 'हा फोटो परवानगीशिवाय वापरता येणार'. पुढे फोटोची कड. कडेपलीकडे माझाच अंगठा. 'नाही' कुठेच नव्हतं!

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळ्यांवर तर तो होताच. मी वाक्य बेतलं होतं मोज्यांच्या मापानं. मोजे आडवे. सासूबाई उभ्या! उभ्या फोटोची रुंदी कमी, त्यात माझं जाडजूड वाक्य मावलं नाही आणि शेवटचा शब्द कडेवरून गळून पडला. बरं, आपल्या भाषेचा स्वभाव कसा, ती सगळं बोलून घेते आणि नकार अगदी शेवटी देते. तो एक शब्द पडला की उरतं ते आमंत्रण!

मी माझे बाकीचे फोटो चाळले. उभे एकशे अठरा. एकशे अठरा आमंत्रणं, जाड अक्षरांत! आणि गटातले त्रेसष्ट जण? तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पक्षीवाले काका.

"काकू! माझी बायको फर्निचरच्या दुकानात झोपली आहे!"

"म्हणजे?"

"तिचा आरामखुर्चीत डुलकी घेतानाचा फोटो टाकला होता मी! उभा! दुकानदारानं काचेवर लावलाय, खाली लिहिलंय, 'बसताक्षणी झोप'!"

"वहिनींना कळलं?"

"कळलं! बघून आली! म्हणते, माझी खुर्ची मोडकी, आता मला ती दुकानातली आणा!"

मी फोन बंद केला. एवढ्या मोठ्या दिव्याखाली मी लाजेनं वितळायचीच बाकी होते.

डॉक्टरला माझी दया आली असावी. "काकू, माझंही चुकलं. कुणीतरी फोटो पाठवला, खाली तसं लिहिलेलं दिसलं, मी लावला. विचारायला हवं होतं." मग म्हणाला, "पण एक विचारू का? या आजींना विचारून टाकला होता तुम्ही फोटो?"

आता माझ्या तोंडात आरसा नव्हता. तरी दातखीळ बसली.

"बघा ना," तो म्हणाला, "फोटो तुमचा असेल, तोंड तर त्यांचं आहे. त्यांनी सांगितलं तर बोर्ड आज काढतो."

घरी जाताना ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "एक दाढ किडली आहे."

सासूबाई खिडकीशी होत्या. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

"आई, माझं चुकलं."

"कशात?" हातामागून आवाज. "रोजचं की वेगळं?"

मी सगळं सांगितलं. मोजे, शिक्का, गळालेला शब्द. मग मुद्द्याचं सांगितलं, की मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मोज्यांसाठी मी भावोजींना फोन केला होता, पण तुमच्यासाठी आतल्या खोलीत येऊन एक प्रश्न विचारला नाही.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"मला वाटलं, घरात ठेवायला काढलास," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासमोर हसले होते गं. बसथांब्यासमोर नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी दोन मिनिटं ते राहू दिलं, मग ढकललं. "ऊठ. कपाटातला पत्र्याचा डबा काढ. आणि मला दवाखान्यात घेऊन चल."

डब्यात एकच फोटो होता. बाविसाव्या वर्षीच्या सासूबाई, फोटोग्राफरच्या पडद्यासमोर, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत. मी तो कधी पाहिलाच नव्हता. विचारलंच नव्हतं ना!

दवाखान्यात गर्दी होती. सासूबाई कुणाकडे न बघता थेट आत गेल्या, मागून मी, मागून हे. या वेळी ह्यांना सायकली राखायला मी सवडच दिली नाही. सासूबाईंनी तो जुना फोटो डॉक्टरच्या हत्यारांच्या तबकात ठेवला.

"बोर्ड तुझाच ना रे?"

"हो आजी. मी तो लगेच..."

"थांब. क्रम चुकलाय तुझा." त्यांनी बाविसाव्या वर्षीच्या दातांवर बोट ठेवलं. "ही मी आधी." मग खिडकीतून खाली बोर्डाकडे हात केला. "ती मी नंतर. तुझी ती कुरळी बाई कोण ते मला ठाऊक नाही. बोर्ड राहू दे. पण लावायचा तर असा लाव. आधी सगळे दात, नंतर एकही नाही. खाली तुझं नाव. माझी परवानगी आहे. लेखी देते!"

दारात गाल धरून एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "मी जरा जाऊन येतो," आणि गेले.

"आजी," डॉक्टर कळवळून म्हणाला, "असा बोर्ड लावला तर माझ्याकडे येईल कोण?" आणि त्यानं घाम पुसायला तोंडावरची पट्टी खाली ओढली.

सासूबाई पुढे वाकल्या. त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"अरे," म्हणाल्या, "मिशा कधी काढल्यास?"

"अं?"

"चार वर्षांपूर्वी बागेतल्या सभागृहात शिबिर होतं. तिथे 'आ करा, आ करा' म्हणत फिरत होतास तो तूच ना? माझी ही कवळी कुणी केली?" आणि त्यांनी ती टोचरी कवळी तोंडातून काढून, जुन्या फोटोशेजारी, त्याच्या तबकात ठेवली. "म्हणजे मी खरोखरच तुझी 'नंतर' आहे!"

डॉक्टरनं सवयीनं कवळी उचलली, उलटी केली, आतल्या बाजूला आपलीच खूण पाहिली. त्याचा चेहरा असा झाला, की त्याचा फोटो काढला असता तर कुठल्याही पोटाच्या औषधाच्या बाटलीवर खपला असता.

आणि सासूबाई हसल्या! आधी नुसते खांदे हलले. मग हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर पोचला आणि तिथेच विसरला गेला. मान मागे गेली, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि ते सगळं हसू, दवाखानाभर! बाहेरच्या मुलीनं डोकावून पाहिलं आणि तीही हसायला लागली. हे हसता हसता फिरत्या स्टुलावर बसायला गेले, आणि स्टूल दुसरीकडे गेलं. त्यावर त्या आणखी हसल्या.

बोर्ड त्याच दुपारी उतरला. नवीन कवळी आली, ती टोचत नाही, पण सासूबाई ती अजूनही पेल्यातच ठेवतात. "सवय नाही," म्हणतात. गटावर मी जाहीर माफी मागितली. आता मला तिथे कुणी काही विचारत नाही. फक्त पक्षीवाले काका अधूनमधून विचारतात, ती खुर्ची हप्त्यांवर मिळेल का.

पण ते हसू! तेव्हा माझा हात मोबाइलकडे गेला होताच, खोटं कशाला बोलू? पण मी तो तसाच धरून ठेवला. "आई," म्हटलं, "काढू का?"

त्यांनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "काढ," म्हणाल्या. "आडवा काढ, उभा काढ. घराबाहेर जाता कामा नये."

असा फोटो आलाय म्हणून सांगू! आधीचा त्याच्यापुढे काहीच नाही. खरं सांगते, तुम्हाला दाखवल्याशिवाय राहवत नाहीये. तुम्ही काय, घरातल्यासारखेच! थांबा, विचारूनच येते.

आले विचारून. म्हणतात, दाखव की. पण आधी त्या सगळ्यांना त्यांचे पाठवायला सांग. तोंड उघडून काढलेले.